षटकोनाचा पुरावा

चि. चिऊस,



वहीच्या पानाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यामुळे प्रश्नाबरोबर तू खोडलेलं उत्तरही मला वाचता आलं. बेंझिनमध्ये तीन दुहेरी बंध आहेत, मग ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग का जात नाही, असं तू विचारलंस. समासात आधी 'कारण ते अरोमॅटिक आहे' असं लिहून मग त्यावर काट मारलीस. ती काट मला फार आवडली. परीक्षेत त्या वाक्याला गुण मिळतात हे खरं, पण त्यानं काहीच उलगडत नाही. ब्रोमीन जोडून घेत नाही म्हणून अरोमॅटिक म्हणायचं आणि अरोमॅटिक आहे म्हणून ब्रोमीन जोडून घेत नाही म्हणायचं, यात आपण आहोत तिथंच राहतो.

तुला विचारून हे उत्तर मी छापायला देते आहे. हा प्रश्न पडलेली आणि वेळ नाही म्हणून तो तसाच गिळून पुढं गेलेली पुष्कळ मुलं मी वर्गात पाहिली आहेत. बारावीच्या वर्षात कुणाला फुरसत नसते, हे मला कळतं. तरी हा एक धडा सावकाश घे. सेंद्रिय रसायनात पुढं जे काही शिकशील, त्यातलं निम्म्याहून अधिक याच्यावर उभं आहे.

१८२५ साली लंडनमध्ये दिव्यांसाठी गॅस विकणारी एक कंपनी होती. देवमाशाचं, इतर माशांचं तेल तापवून गॅस तयार करायचा, हवेच्या तीसपट दाबाखाली तो लोखंडी नळकांड्यांत भरायचा आणि घरोघर पोचवायचा, असा तिचा धंदा. त्या दाबामुळं तळाशी एक पातळ, तेलकट द्रव साचायचा. मायकेल फॅरेडेनं तो घेतला आणि तो पुन्हा पुन्हा उकळून, गोठवून, दाबून त्यातून एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. ५.५ अंशांना गोठणारा, ८० अंशांना उकळणारा. कार्बनचा अणुभार तेव्हा सहा धरत, म्हणून फॅरेडेच्या हिशेबात कार्बन दुप्पट आला. पुढं अणुभार दुरुस्त झाले आणि सहा कार्बन, सहा हायड्रोजन हा आकडा पक्का झाला. काही वर्षांनी बर्लिनच्या मिचर्लिखनं लोबानातून मिळणारं बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि त्याच्या हाती तोच पदार्थ आला. मग हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं तो दगडी कोळशाच्या डांबरात शोधला. त्याचा विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफिल्ड यानं डांबरातून बेंझिन मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली आणि १८५५ मध्ये बेंझिन उकळताना लागलेल्या आगीत भाजून तो तरुण वयात गेला. पाठ्यपुस्तकात बेंझिनचे भौतिक गुणधर्म सांगताना 'ज्वलनशील' हा एकच शब्द येतो. तो वाचताना मॅन्सफिल्ड आठवावा.

आता आकड्याकडं बघ. सहा कार्बनांच्या साध्या साखळीला १४ हायड्रोजन लागतात. इथं आहेत फक्त सहा. इतकं असंपृक्त संयुग ब्रोमीनवर तुटून पडायला हवं, परमँगनेटचा जांभळा रंग घालवायला हवा. बेंझिन यातलं काहीच करत नाही. लोखंडाचा कीस टाकला तर ते ब्रोमीनशी क्रिया करतं, पण तीही वेगळ्याच तऱ्हेनं. एक ब्रोमीन आत येतो आणि एक हायड्रोजन बाहेर जातो, हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर सुटतो आणि सहा कार्बनांची चौकट जशीच्या तशी राहते. तुझ्या पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर समावेशन होत नाही, प्रतियोजन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनशास्त्रज्ञांना पडलेलं कोडं हेच होतं आणि तुलाही तेच पडलं आहे.

यापुढं सगळे केकुले या रसायनशास्त्रज्ञाच्या स्वप्नाची गोष्ट सांगतात. बेल्जियममधल्या घेंट शहरी शेकोटीपुढं त्याला डुलकी लागली आणि स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला, ही ती गोष्ट. तुमच्या वर्गातही सांगितली असेल. केकुलेनं ती स्वतः सांगितली, पण केव्हा? १८९० मध्ये, बर्लिनच्या सत्कार समारंभात. षटकोनी कड्याची कल्पना त्यानं १८६५ मध्ये प्रसिद्ध केली होती, म्हणजे मध्ये २५ वर्षं गेली होती. आणि त्याच भाषणात त्यानं श्रोत्यांना बजावलं होतं की जाग्या बुद्धीनं तपासून घेतल्याशिवाय स्वप्नं छापू नयेत. गोष्टीचा हा अर्धा भाग कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. साप दिसला म्हणून बेंझिन षटकोनी ठरलं नाही. लोकांनी संयुगं तयार केली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मोजलं, म्हणून ते ठरलं. त्या मोजणीत मला सर्वांत आवडतं ते केकुलेचा साहाय्यक विल्हेल्म क्योर्नर याचं काम. तो पुढं इटलीत गेला आणि त्याचा मोठा निबंध १८७४ मध्ये आला.

कागद-पेन्सिल घे. षटकोन काढ आणि सहाही कार्बन अगदी सारखे आहेत असं धर. एका हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन घातला तर किती वेगवेगळी संयुगं होतील? एकच. प्रत्यक्षातही ब्रोमोबेंझिन एकच मिळतं. दोन ब्रोमीन घातले तर? शेजारीशेजारी (ऑर्थो), एक सोडून एक (मेटा), आणि समोरासमोर (पॅरा), अशी तीन. प्रत्यक्षात तीनच डायब्रोमोबेंझिन मिळतात. इथवर ठीक आहे. पण टेबलावर तीन बाटल्या आहेत, त्यातली ऑर्थो कुठली, मेटा कुठली, पॅरा कुठली, हे कसं ओळखायचं? तेव्हा क्ष-किरण नव्हते, आज तुमच्या अभ्यासक्रमात नावं येतात त्यातलं एकही उपकरण नव्हतं. क्योर्नर म्हणाला, प्रत्येक बाटलीतल्या संयुगात तिसरा ब्रोमीन घालू आणि किती वेगवेगळी संयुगं निघतात ते मोजू. तूही मोज. समोरासमोरच्या जोडीत उरलेल्या चारही जागा सारख्या, म्हणून एकच संयुग. शेजारच्या जोडीत दोन. एक सोडून एक असलेल्या जोडीत तीन. ज्या बाटलीतून एकच निघालं ती पॅरा, दोन निघाली ती ऑर्थो, तीन निघाली ती मेटा. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या रेणूतल्या गटांच्या जागा माणसानं निव्वळ मोजणीनं ठरवल्या. अशी वेगवेगळी संयुगं शुद्ध करून हातात येईपर्यंत किती भट्ट्या, किती महिने गेले असतील याचा विचार कर. ऑर्थो-मेटा-पॅरा हे शब्द तू रोज किती सहज लिहितेस, आणि त्यामागे एवढं काम आहे.

पुरावा कितीही सुंदर असला तरी तो कुठवर पोचतो तेही तपासायला शिकावं लागतं. लाडेनबुर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये दाखवून दिलं की सहा कार्बन त्रिकोणी लोलकाच्या सहा कोपऱ्यांवर ठेवले तरीही ही मोजणी जुळते. एक ब्रोमीन असेल तर एक संयुग, दोन असतील तर तीन. काढून बघ, खरंच जुळते. म्हणजे मोजणीमुळं कितीतरी आकृत्या बाद झाल्या, पण षटकोन एकटा उरला नाही. लाडेनबुर्गनं दुसरी अडचणही दाखवली. केकुलेच्या चित्रात एकाआड एक दुहेरी बंध आहेत. मग शेजारच्या दोन ब्रोमीनांच्या मध्ये कधी एकेरी बंध येईल, कधी दुहेरी. म्हणजे ऑर्थो प्रकारची दोन संयुगं हवीत. मिळतं मात्र एकच. केकुलेनं १८७२ मध्ये उत्तर दिलं की बंध सतत जागा बदलत असतात, म्हणून दोन्हींतला फरक उरत नाही. उत्तर चतुर होतं. पण बंध असे का नाचतात आणि नाचले तरी रेणू इतका स्थिर कसा, याचं कारण त्याच्याकडं नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायलाच अजून २५ वर्षं होती, त्यामुळं त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या कोड्याचा निकाल लावला एका स्त्रीनं, आणि तिचं नाव तुमच्या पुस्तकात नाही. कॅथलीन लॉन्सडेल. आयर्लंडमध्ये जन्मल्या, घरात दहा भावंडांत धाकट्या. विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या हाताखाली स्फटिकांवर क्ष-किरण टाकून आतली रचना वाचायला शिकल्या आणि लग्नानंतर लीड्सला आल्या. तिथल्या सेंद्रिय रसायनाच्या प्राध्यापकांनी, म्हणजे इनगोल्ड यांनी, त्यांना हेक्झामिथिलबेंझिनचे स्फटिक दिले. साधं बेंझिन खोलीच्या तापमानाला द्रव असतं, त्याचा स्फटिक धरून ठेवणं अवघड. हेक्झामिथिलबेंझिनमध्ये सहाही हायड्रोजनांच्या जागी मिथिल गट असतात, ते घन असतं, आणि त्याच्या स्फटिकाच्या एका एककात रेणू एकच बसतो. त्यामुळं गणित आवाक्यात आलं. आवाक्यात म्हणजे हातानं, कागदावर करण्याच्या आवाक्यात. संगणक कुठला असणार!

१९२९ मध्ये सविस्तर निष्कर्ष छापून आला. रिंग सपाट आहे. सहा कार्बन एका पातळीत आहेत. हिऱ्यातल्या कार्बनांप्रमाणे इथली रिंगही वरखाली दुमडलेली असावी, असा विचार तेव्हा मान्यवरांच्या डोक्यात होता. लॉन्सडेल यांच्या मोजमापात दुमड नव्हती. एकाआड एक लांब-आखूड बंधही नव्हते, सहाही बाजू सारख्या होत्या. आजची मोजमापं तुला तोंडपाठ असतील. कार्बन-कार्बन एकेरी बंध १.५४ ऑन्गस्ट्रॉम, दुहेरी १.३४, बेंझिनमधला १.३९, कोन १२० अंशांचा. या आकड्यांपाशी थांब. बेंझिनमध्ये दुहेरी बंध नाही आणि एकेरीही नाही. तुझ्या प्रश्नातलं 'तीन दुहेरी बंध आहेत' हे गृहीतकच चुकीचं होतं आणि रंग न जाण्याचं कारण तिथंच दडलं होतं.

लॉन्सडेलबाईंबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. त्या क्वेकर पंथाच्या, युद्धाला ठाम विरोध करणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धात नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवायला त्यांनी नकार दिला, दंड भरायलाही नकार दिला आणि १९४३ मध्ये महिनाभर हॉलोवेच्या तुरुंगात राहिल्या. दोन वर्षांनी रॉयल सोसायटीनं प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिलं, तेव्हा निवडलेल्या दोघींपैकी एक त्या होत्या. आणि आपल्या देशाशीही त्यांच्या कामाचा धागा जुळतो. रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन कोलकात्यात अरोमॅटिक स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म मोजत होते. चुंबकीय क्षेत्र रिंगच्या पातळीला लंब असलं तर हे स्फटिक एक प्रतिसाद देतात आणि पातळीत असलं तर बराच वेगळा. काही इलेक्ट्रॉन एका बंधात अडकलेले नसून अख्ख्या रिंगभर फिरतात, असं धरलं की याचा अर्थ लागतो. १९३६ मध्ये लॉन्सडेल आणि कृष्णन यांचा या विषयावरचा एकत्र निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

मग हे इलेक्ट्रॉन आहेत तरी कसे? प्रत्येक कार्बनकडं बंधासाठी चार इलेक्ट्रॉन. त्यातले तीन दोन शेजारी कार्बनांशी आणि एका हायड्रोजनशी बंध करण्यात जातात. एक उरतो. असे सहा कार्बनांचे सहा. हे सहा इलेक्ट्रॉन रिंगच्या वर आणि खाली पसरलेले असतात. सहा भावांची सामाईक विहीर असते ना, तशी त्यांची स्थिती. प्रत्येकाचा हिस्सा किती ते सातबाऱ्यावर सांगता येतं, पण विहिरीतलं कुठलं पाणी कुणाचं हे दाखवता येत नाही. एकानं आपला हिस्सा वेगळा काढायचा म्हटलं तर विहीरच बुजवावी लागते. ब्रोमीनचा समावेश करून घ्यायचा तर दोन कार्बनांना आपले इलेक्ट्रॉन या सामाईकातून काढून घ्यावे लागतात. बेंझिनला ते परवडत नाही.

किती परवडत नाही, याचाही आकडा आहे. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये किस्तियाकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन जोडताना किती उष्णता बाहेर पडते ते काटेकोर मोजलं. एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन दिला तर मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल मिळतात. तीन दुहेरी बंध असते तर तिप्पट, म्हणजे ३६० मिळायला हवेत. बेंझिन देतं २०८. जवळजवळ १५० किलोज्यूल इतकं ते कल्पनेतल्या तीन दुहेरी बंधांपेक्षा खालच्या पातळीवर, स्वस्थ बसलेलं आहे. त्याहून नवल म्हणजे दोनच दुहेरी बंध असलेलं सायक्लोहेक्झाडाइन सुमारे २३२ देतं. बेंझिनपेक्षा जास्त! म्हणजे बेंझिनच्या रिंगला हायड्रोजनची पहिली जोडी चिकटवताना उष्णता मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. तुझ्या परीक्षानळीतला तांबूस रंग का टिकला, ते या आकड्यांत आहे. परीक्षेत उत्तर लिहिताना हे आकडे लिहीत जा. त्यांनी त्या काट मारलेल्या वाक्याला अर्थ येतो.

तू विचारशील, मग कुठल्याही रिंगमध्ये एकाआड एक दुहेरी बंध काढले की झालं का? नाही. विलस्टेटर या रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाळिंबाच्या झाडाच्या सालीतल्या अल्कलॉइडपासून आठ कार्बनांची तशी रिंग तयार केली, सायक्लोऑक्टाटेट्राईन. सगळ्यांना वाटलं, हे बेंझिनचं मोठं भावंड निघेल. त्यानं ब्रोमीन मुकाट्यानं जोडून घेतला. त्याची रिंग सपाटही नसते. सहा इलेक्ट्रॉन जमतात आणि आठ जमत नाहीत, हे कोडं एरिक ह्युकेलनं १९३१ मध्ये क्वांटम यांत्रिकीनं सोडवलं. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत सर्वांत खाली एक एकटी असते आणि तिच्यावर जोड्याजोड्यांनी पातळ्या असतात. पहिलीत दोन, मग प्रत्येक जोडीत चार. २, ६, १०, १४ या संख्यांना पातळ्या पूर्ण भरतात. तुझ्या वहीतलं ४n+२ ते हेच.

आता त्या तक्त्याकडं येऊ, जो तू ताईच्या जुन्या नोट्समधून उतरवून भिंतीला चिकटवला आहेस. कुठला गट ऑर्थो-पॅरा, कुठला मेटा. तो काढून टाक असं मी म्हणत नाही. पण एक रविवार त्याच्यासाठी दे म्हणजे पाठ करावा लागणार नाही.

बेंझिनवर हल्ला करतो तो इलेक्ट्रॉनची ओढ असलेला कण, इलेक्ट्रोफाइल. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तो नायट्रोनियम असतो, लोखंडाच्या क्षाराच्या मदतीनं धनभारित झालेला ब्रोमीन असतो. तो रिंगच्या एका कार्बनला चिकटतो तेव्हा क्षणभर सामाईक मोडतं आणि उरलेल्या पाच कार्बनांवर एक धनभार येतो. पण तो पाचही ठिकाणी बसत नाही. चिकटलेल्या कार्बनचे दोन शेजारी आणि बरोबर समोरचा, या तिघांवरच बसतो. चित्रं काढून खात्री कर, मी सांगते म्हणून मानू नकोस. मग चिकटलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि सहा इलेक्ट्रॉन पुन्हा एकत्र येतात. मघाचे १५० किलोज्यूल परत मिळवण्याची ही ओढ आहे, म्हणून समावेशन न होता प्रतियोजन होतं.

समजा रिंगवर आधीच अमिनो गट बसला आहे, म्हणजे ॲनिलिन. नायट्रोजनकडं इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी आहे. धनभार त्याच्या कार्बनवर आला तर तो ती जोडी पुढं करतो आणि भार हलका होतो. धनभार त्याच्या कार्बनवर येतो केव्हा? नवा कण त्याच्या ऑर्थोला किंवा पॅराला चिकटला तरच. मेटाला चिकटला तर धनभार त्या कार्बनला शिवतच नाही, मदत करायची संधीच मिळत नाही. म्हणून ॲनिलिन ब्रोमीनच्या पाण्याला, लोखंडाशिवायच, झटकन तीन जागा देऊन टाकतं आणि पांढरा साका खाली बसतो. नायट्रो गटाचं उलट. तो स्वतःच इलेक्ट्रॉन ओढणारा. धनभार त्याच्या कार्बनवर येणं म्हणजे संकटच. मेटाला चिकटल्यावर ते संकट टळतं. मुलं म्हणतात, नायट्रो गट मेटाला बोलावतो. तो कुणालाही बोलावत नाही. तो सगळ्याच जागा अवघड करतो, मेटा त्यातल्या त्यात कमी अवघड. हा फरक ज्याला कळला त्याला क्लोरीनही कळेल. क्लोरीन एकीकडं इलेक्ट्रॉन ओढून क्रिया मंदावतो आणि दुसरीकडं मोकळी जोडी देऊन ऑर्थो-पॅराची वाट मोकळी करतो. त्याला अपवाद म्हणून पाठ करू नकोस, तो या नियमातच बसतो.

एवढं शिकून करायचं काय, असं तुझ्या मैत्रिणीनं विचारल्याचं तू लिहिलंस. तिला म्हणावं, स्वयंपाकघरात जा. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, कारण कुरकुमिनच्या रेणूत दोन टोकांना दोन बेंझिन रिंगा असतात. त्यांच्यावरच्या हायड्रॉक्सिल गटांतले प्रोटॉन अल्कलीनं निघून गेले की इलेक्ट्रॉनांचा पसारा बदलतो आणि रंगही बदलतो. तापावरची पॅरासिटामॉल घे, ॲस्पिरिन घे, बेंझिनची रिंग त्यात आहेच. १८५६ मध्ये १८ वर्षांच्या पर्किननं ॲनिलिनपासून जांभळा रंग काढला आणि रंगांचे कारखाने उभे राहिले. कपाटातल्या डांबरगोळ्या असतात त्या नॅप्थलिनपासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं नीळ तयार करून १८९७ मध्ये बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीच्या शेतीचा बाजार बसला. आणि आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, के. वेंकटरमण यांनी रंगद्रव्यांच्या रसायनाची मोठी परंपरा उभी केली. पुढं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनावरचे त्यांचे खंड १९५२ पासून निघू लागले आणि जगभर वापरले गेले. यूडीसीटीचं नाव आता आयसीटी. तुला तिथं जायचं आहे ना?

म्हणूनच आता शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. एके काळी छापखान्यांत, रबराच्या कारखान्यांत बेंझिन सर्रास वापरलं जाई, लोक त्यानं हातही धुवत. इस्तंबूलमध्ये चपला-बूट बनवणारे कारागीर बेंझिन असलेल्या चिकटद्रवानं बंद खोल्यांत काम करत. डॉ. मुझफ्फर अक्सॉय आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा २६ कारागिरांची नोंद प्रसिद्ध केली. रक्ताच्या कर्करोगानं किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेनं त्यांना गाठलं होतं. बेंझिनमुळं माणसाला कर्करोग होतो, याबद्दल आज वैद्यकात शंका उरलेली नाही. आपल्याकडं पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का असावं असं बंधन आहे आणि हवेतली वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे.

हा रोगही त्याच रचनेतून येतो. शरीरात शिरलेला परका रेणू यकृत पाण्यात विरघळेल असा करून बाहेर टाकू बघतं. तुलनेसाठी टोल्युइन घे, त्यात रिंगला एक मिथिल गट लटकलेला असतो. यकृत तो गट पकडतं, त्याचं बेंझोइक आम्ल करतं, त्याला ग्लायसीन जोडतं आणि हिप्युरिक आम्ल लघवीवाटे निघून जातं. रिंगला हात लावावा लागत नाही. बेंझिनला असं बाहेर लटकलेलं काहीच नाही. यकृताला थेट रिंगलाच हात घालावा लागतो. त्यातून फिनॉल, हायड्रोक्विनोन आणि पुढं क्विनोनसारखी आक्रमक संयुगं होतात. ती अस्थिमज्जेत, जिथं रक्तपेशी जन्मतात तिथं, घात करतात. एका मिथिल गटानं एवढा फरक पडतो. टोल्युइन निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नकोस. मेंदूला, नसांना ते अपाय करतं, फक्त मज्जेवरचा हा घाव त्याचा नाही.

तेव्हा चिऊ, पुढच्या वर्षी कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल ठेवशील तेव्हा एवढं लक्षात ठेव. बेंझिनची बाटली फ्यूम हूडच्या बाहेर उघडी दिसली तर लाजू नकोस, बोल. वरिष्ठ असले तरी बोल. वास ओळखायला कधीही नाक जवळ नेऊ नकोस. आणि बेंझिन वापरायला सांगितलं तर आधी विचार, 'सर, इथं टोल्युइन चालेल का?' पुष्कळ ठिकाणी चालतं.

तुझी,
आत्या